किती खोल, किती आधी

मागच्या भागात कर्करोगामुळे मूत्राशय पूर्ण काढल्यावर आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट कशी करून देतात ते पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न, जो नातेवाईक सर्जनना लिफ्टपाशी गाठून, रुग्णाच्या कानावर जाणार नाही अशा बेताने विचारतात. पुन्हा होणार नाही ना?

‘ऑपरेशन छान झालं’ हे वाक्य खरं असलं तरी या प्रश्नाचं उत्तर नव्हे. छान झालं म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहिला, आतड्याचे जोड नीट बसले, रक्तदाब ढासळला नाही. पुढचा अंदाज असतो काही दिवसांनी हाती पडणाऱ्या पॅथॉलॉजी रिपोर्टात. आणि त्यातलं बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरून गेलेलं असतं. म्हणूनच सगळं श्रेय किंवा सगळा दोष सर्जनच्या हाताला देणं मला पटत नाही.

रिपोर्टात आधी ‘टी’ शोधायचा. गाठ किती मोठी यापेक्षा ती भिंतीत किती खोल गेली हे इथे महत्त्वाचं. अस्तराखालच्या मऊ थरापर्यंत गेली तर टी-१, स्नायूत शिरली तर टी-२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली तर टी-३, आणि प्रोस्टेट, गर्भाशय यांसारखा शेजारचा अवयव धरला तर टी-४. ‘स्कॅनमध्ये टी-२ म्हणाले होते, आता टी-३ कसं झालं?’ असा संशय घेऊन बरेच जण येतात. कोणी काही लपवलेलं नसतं. स्नायू ओलांडून चरबीत गेलेल्या थोड्याशा पेशी स्कॅनला दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

मग ‘एन’, म्हणजे ओटीपोटातल्या लसिका गाठी. या दोन अक्षरांत किती वजन आहे ते लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या १,०५४ रुग्णांच्या नोंदींवरून कळतं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आजार मूत्राशयाच्या भिंतीतच होता आणि गाठी स्वच्छ होत्या, अशांपैकी साधारण ८५ टक्के लोकांत तो पाच वर्षांत परतला नाही. भिंतीबाहेर गेला होता पण गाठी स्वच्छ होत्या, तिथे हा आकडा ५८ वर आला. गाठींत पोचला होता, तिथे ३५ वर. सगळे रुग्ण मिळून पाच वर्षांचा आकडा ६८ आणि दहा वर्षांचा ६६. या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक किती लहान आहे पाहा. हा आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. पाच वर्षं नीट गेली तर बरंच मोकळं होता येतं.

पण ही टक्केवारी गटाची आहे, घरातल्या माणसाची नाही. शिवाय ते रुग्ण आजची औषधं यायच्या आधीचे.

रिपोर्टात आणखी काही ओळी असतात. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी सापडल्या का? बारीक रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत त्या शिरलेल्या दिसल्या का? यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. पेशींचा प्रकार नेहमीचा युरोथेलियल नसून स्मॉल सेल किंवा प्लाझ्मासायटॉइड असेल तर उपचारांची आखणीच बदलावी लागते.

आता सर्जनच्या हातातलं. लसिका गाठी काढायलाच हव्यात, यावर वाद नाही. पण जितक्या वरपर्यंत जाऊन काढाल तितकं चांगलं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. अमेरिका आणि कॅनडात दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना झाली आणि २०२४ साली निकाल छापून आला: जास्त वरपर्यंत जाऊन फायदा दिसला नाही, गुंतागुंत मात्र वाढली. रोबोटचंही तसंच. अमेरिकेतल्या पंधरा केंद्रांच्या २०१८ सालच्या चाचणीत दोन वर्षं आजार न बळावता राहिलेल्यांचं प्रमाण रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया दोन्हींत ७२ टक्क्यांच्या आसपासच निघालं. रोबोटने रक्त कमी जातं, ही जमेची बाजू. पण केवळ आयुष्य वाढेल म्हणून कोणी त्यासाठी दागिने गहाण टाकू नयेत. त्यापेक्षा ‘अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात?’ हे विचारावं. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. जिथे ती नेहमी होतात तिथले निकाल चांगले असतात.

सर्वांत जास्त गोंधळ वेळेबाबत होतो. स्नायूतला आजार निश्चित झाल्यापासून शस्त्रक्रियेला तीन महिन्यांहून अधिक उशीर झाला तर निकाल बिघडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मग डॉक्टर आधी केमोथेरपी सुचवतात तेव्हा घरच्यांना वाटतं, हे तर आणखी लांबवतायत. तो उशीर वेगळा. केमो चालू असते तेव्हा उपचार सुरू झालेलेच असतात. अमेरिकेतल्या एका चाचणीत, तिचा निकाल २००३ चा, थेट ऑपरेशन झालेल्यांच्या गटात मध्यम आयुर्मान ४६ महिने होतं, आधी केमो घेतलेल्यांच्या गटात ७७. केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के लोकांच्या काढलेल्या मूत्राशयात कर्करोग उरलेलाच नव्हता. दुसऱ्या गटात असे १५ टक्के होते. खरा उशीर म्हणजे तिसरं, चौथं मत घेण्यात, पैशांच्या जुळवाजुळवीत किंवा ‘लग्नसराई होऊन जाऊ दे’ म्हणत गेलेले महिने.

या केमोतलं मुख्य औषध सिस्प्लाटिन. ते द्यायला मूत्रपिंडं बऱ्यापैकी चालावी लागतात. गाठीने मूत्रवाहिनीचं तोंड दाबून किडनी फुगली असेल तर दुहेरी नुकसान: आजार पुढे गेल्याची ती खूण असते आणि औषधाची वाटही ती अडवते. अशा वेळी आधी नळी घालून किडनी मोकळी करतात.

बायकांमध्ये हा आजार कमी आढळतो, पण कळतो तेव्हा बरेचदा पुढे गेलेला असतो. लघवीतून रक्त गेलं की ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून गोळ्या, महिन्याने पुन्हा गोळ्या. दुखत नसताना रक्त गेलं आणि लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले नाहीत, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. पाळीचं रक्त समजून सोडून दिलेलंही कितीतरी असतं.

माणसाच्या तब्येतीचा हिशोब वेगळाच. रक्तातलं अल्ब्युमिन कमी असलेला, हिमोग्लोबिन घसरलेला, मांड्या-दंड वाळलेला रुग्ण ऑपरेशनमधून उठायला वेळ घेतो. त्याला गुंतागुंतही अधिक होते. केमोचे ते महिने अंडी, डाळ, दूध यांवर भर द्यायला आणि रोज चालायला वापरता येतात. विडी-सिगारेट त्याच दिवशी बंद. ‘आता सोडून काय उपयोग’ हे चुकीचं आहे. जखम भरणं, फुप्फुसं साफ राहणं, दोन्हींना त्याचा उपयोग होतो.

रिपोर्टात टी-३ किंवा गाठींत आजार निघाला तरी वाट संपत नाही. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध शस्त्रक्रियेनंतर वर्षभर दिल्यावर जास्त धोक्याच्या रुग्णांत आजार परतायचा मध्यम काळ जवळपास ११ महिन्यांवरून २१ महिन्यांवर गेला, असं २०२१ मध्ये दिसलं. खर्च मोठा आहे. प्रत्येकाला ते झेपत नाही आणि प्रत्येकाला लागू पडतंच असंही नाही. डॉक्टरांशी बोलताना दोन्ही गोष्टी उघडपणे काढाव्यात.

तपासण्यांमध्ये स्कॅनची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. विसरतात ते बी-१२. लहान आतड्याचा शेवटचा भाग लघवीच्या वाटेसाठी वापरला असेल तर काही वर्षांनी हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं. मग हातापायांना मुंग्या येतात आणि घरात सगळ्यांना कर्करोगच परतल्याची धास्ती बसते. वर्षातून एकदा रक्त तपासून घेतलं आणि लागलं तर इंजेक्शन घेतलं, की काम भागतं.