दाब कधी चढला?

इंजिन गरम झालं की बॉनेट उघडून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहायचा आणि तो टणक लागला की ‘हेड गॅस्केट गेलं’ असं जाहीर करायचं, हा बऱ्याच गॅरेजांतला निवाडा. त्यात एक मूलभूत चूक आहे. तापलेल्या इंजिनाचा होज टणकच लागला पाहिजे, कारण ही यंत्रणा दाबाखाली चालावी म्हणूनच झाकणबंद असते. कितीतरी गाड्यांच्या रेडिएटर कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. कॅपने साधारण तितके बार जादा दाब धरावा आणि त्यापुढचा सोडून द्यावा, असा त्याचा अर्थ. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं; १.१ बार जादा दाब मिळाला की तेच सुमारे १२२ अंशांपर्यंत तग धरतं. प्रेशर कुकर याच नियमावर चालतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्यावरचं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं. म्हणून घाट चढून गेलेल्या गाडीला दाब न धरणारी कॅप अधिक महागात पडते. दाब असणं हा रोग नव्हेच. तो केव्हा चढला आणि केव्हा उतरला, यावरून रोग ओळखायचा असतो.

कारण दाबाचे उगम दोन आहेत. एक उष्णतेचा: कूलंट तापून फुगतं, वाफ धरतं, आणि याला काही मिनिटं लागतात. दुसरा सिलिंडरमधल्या जळलेल्या वायूचा. पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब कित्येक दहा बारपर्यंत जातो, आजच्या डिझेल इंजिनात शंभरच्याही पुढे. गॅस्केटला किंवा हेडला केसाएवढी वाट मिळाली तरी तो वायू कूलंटमध्ये शिरतो, आणि त्याला इंजिन तापण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून खरी परीक्षा सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. कॅप उघडून पुन्हा लावावी, इंजिन सुरू करावं. हाताला गारच लागणारा होज एक-दोन मिनिटांत ताठला, तर दाब उष्णतेचा नाही. उलट बाजूही तपासता येते. थंड होताना कूलंट आकसतं आणि कॅपमधली छोटी उलटी झडप बाहेरच्या बाटलीतलं कूलंट आत घेते. ती अडकली तर होज चपटा होतो. पण आदल्या दिवशी चालवलेल्या गाडीची कॅप सकाळी उघडताना फुस्स आवाज आला, तर आत न आकसणारं काहीतरी उरलं आहे.

यावर पहिला आक्षेप अडकलेल्या हवेचा. कूलंट बदलल्यावर आत हवा राहते आणि तीही दाबाचा घोळ घालते, हे खरं. मात्र ती एकदा नीट काढली की संपते. सिलिंडरमधला वायू रोज नव्याने येतो. दुसरा आक्षेप असा, की निळ्या द्रावणाची चाचणी असताना होज चाचपायचा कशाला? त्या द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं आणि कार्बन डायऑक्साइडने ते पिवळं पडतं. चाचणी उत्तमच आहे, पण वायू आला एवढंच ती सांगते. तो गॅस्केटमधून आला, तडकलेल्या हेडमधून की डिझेल गाडीतल्या ईजीआर कूलरमधून, हे तिला ठाऊक नसतं. शिवाय फक्त चढावर, लोड पडल्यावर उघडणारी फट जागेवर उभ्या गाडीत लपते, आणि आयडलिंगवर डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी असतो. द्रावण निळंच राहिलं म्हणून इंजिन निर्दोष ठरत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: गिऱ्हाईक दारात उभं असताना रात्रभर गाडी कोण ठेवून घेणार? पण हेड उतरवणं, ते लेव्हल करून घेणं, नवं गॅस्केट बसवणं हा खर्च निदान चुकलं तरी परत मिळत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या जुन्या तोडग्याने वायू थांबत नाही. इंजिन नको तितकं थंड राहून इंधन तेवढं जास्त जातं. म्हणून क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा: आधी कॅप टेस्टरवर लावून पाहावी, मग थंड होज, मग निळं द्रावण, आणि तिन्हींचं म्हणणं जुळलं तरच हेडला पाना लावावा. गाडीमालकाने ‘हेड गेलं’ हे ऐकताच एवढंच विचारावं, की होज टणक झाला तेव्हा इंजिन थंड होतं की गरम. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर निदान अजून झालेलं नाही.