पिकअपची क्लच प्लेट: 'कडक टाका' म्हणण्याआधी

मागच्या पावसाळ्यात अर्धापूरहून मामांचा फोन आला. "अरे, तू ते घर्षणाचंच शिकायलास ना? मग सांग, एका हंगामात दोन प्लेटा कशा काय जळायल्यात?" त्यांच्याकडे बोलेरो पिकअप आहे. शेतातून केळी उचलायची, नांदेडला टाकायची, परतीचं भाडं मिळालं तर लोहा-अहमदपूर-चाकूर करत लातूरच्या आडतीपर्यंत जायचं. मिस्त्रीनं सल्ला दिला होता, "मामा, या बारीला कडक प्रेशर प्लेट न् सिरॅमिकची प्लेट टाका, विषय संपला." मामा तयारही होते. माझ्या पीएचडीचा विषय घर्षण आणि झीज, म्हणून म्हटलं, थांबा जरा, जुनी प्लेट फेकू नका.

क्लचमध्ये होतं काय? इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. दोन्ही बाजूंनी घर्षण, म्हणून एकत्र फिरतात. किती टॉर्क पेलेल, तर घर्षण गुणांक गुणिले दाब गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले दोन (कारण पृष्ठभाग दोन). या वर्गातल्या गाडीचं इंजिन सुमारे 200 न्यूटन-मीटर देतं. क्लच त्याच्या साधारण दीडपट, म्हणजे 300 ला पुरेल असा धरू. गुणांक 0.3, त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर. हिशोब केला तर दाब लागतो सव्वापाच हजार न्यूटनच्या आसपास. आपल्या भाषेत, त्या चकतीवर सोयाबीनची पाच क्विंटल रास ठेवल्यासारखं.

आता इथेच बहुतेक जण फसतात. गाडीत सतरा क्विंटलऐवजी पंचवीस क्विंटल भरले म्हणून क्लचवर येणारा टॉर्क वाढत नाही! इंजिन जेवढं देतं तेवढाच येतो, आणि तेवढा पेलायला कंपनीचा क्लच पुरेसा असतो. मग ओव्हरलोड गाडीचा क्लच लवकर का जातो? उष्णतेमुळे.

सपाट रस्त्यावर गाडी उठवताना प्लेट घसरत असते, आणि त्या घसरण्यात जवळपास तेवढीच ऊर्जा उष्णता होते जेवढी गाडीला गतिज ऊर्जा म्हणून मिळते. म्हणजे वजन दीडपट तर उष्णता दीडपट. पण वेगाचा वर्ग असतो. पहिला आणि दुसरा गिअर यांच्या गुणोत्तरात पावणेदोन ते दोन पटींचा फरक असतो. त्यामुळे भरलेली गाडी दुसऱ्यात उठवली की उष्णता तीन ते चार पट. "दुसऱ्यातच उचलते की गाडी" हे जे अभिमानानं सांगतात ना, तो अभिमान प्लेटच्या खर्चानं असतो. चढावर तर यात आणखी भर.

आणि चिखलाचं विचारूच नका. काळ्या रानात चाक रुतलंय, गाडी हलत नाही, इंजिन 1500 आरपीएमवर आणि मामा हाफ क्लचवर. क्लचमधून 150 न्यूटन-मीटर जात असेल तर साडेतेवीस किलोवॅट उष्णता त्या डब्यात तयार होते. दोन किलोवॅटचे अकरा-बारा गिझर एकदम चालू केल्यासारखं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून सतरा किलो लोखंड धरलं, तर एका मिनिटात ते दीडशे अंशांहून जास्त तापतं. पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त.

आमच्या लॅबमध्ये पिन-ऑन-डिस्क नावाचं यंत्र असतं. लायनिंगचा छोटा तुकडा फिरत्या चकतीवर दाबायचा आणि तापमान वाढवत घर्षण मोजायचं. साध्या, म्हणजे ऑर्गॅनिक लायनिंगमध्ये तंतू आणि भुकटी फिनॉलिक रेझिननं बांधलेली असते. एका मर्यादेपलीकडे ते रेझिन करपायला लागतं. वास येतो तो त्याचाच. गुणांक 0.3 वरून 0.18 वर आला की आपला 300 चा क्लच 180 चा झाला. इंजिन 200 देतंय. म्हणजे आता चालत्या गाडीतही घसरणार, घसरला की अजून तापणार, तापला की अजून घसरणार.

मग सिरॅमिक का नको? ते तापमान खरंच जास्त सोसतं. पण तांब्याच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून भाजलेली ती बटणं एकदम पकडतात. गाडी झटका देत उठते, फ्लायव्हील लवकर खरवडतं, तो झटका गिअरबॉक्स आणि जॉइंटपर्यंत जातो. कडक प्रेशर प्लेटनं पेडल जड होतं आणि क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर वाढतो. रोज शंभर वेळा क्लच दाबणाऱ्या माणसानं हे विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

रविवारी गॅरेजवर गेलो. जुनी प्लेट अजून रिव्हेटपर्यंत झिजलेली नव्हती, पण काळी आणि काचेसारखी गुळगुळीत. फ्लायव्हीलवर निळे डाग. हा उष्णतेनं मेलेला क्लच. (नुसती रिव्हेटपर्यंत झिजलेली असती तर म्हातारपण. तेलकट असती तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं सील बघायचं. ते न बदलता नवीन प्लेट टाकणं म्हणजे पैसे चिखलात.) आणि एक गोष्ट कळली: मागच्या वेळी फक्त प्लेट बदलली होती, प्रेशर प्लेट जुनीच. तिच्या डायफ्रामची बोटं टोकाला खोल झिजलेली. तापून ढिल्या झालेल्या स्प्रिंगखाली नवी प्लेट पहिल्या दिवसापासून घसरतच होती.

म्हणून पूर्ण सेट घेतला: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. लायनिंग ऑर्गॅनिकच, कंपनीच्या मापाचं. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तशीही लागणारच होती. दुकानात नुसतं "बोलेरोची द्या" म्हणू नका. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे प्लेटचा व्यास आणि मधल्या स्प्लाइनचे दात बदलतात. चॅसिस नंबर सांगा, जुनी प्लेट सोबत न्या, दात मोजून घ्या. कंपनी कोणती? नावाजलेल्या चार-पाचांपैकी कुठलीही, पक्क्या बिलावर. एक्सेडीचा कारखाना तर आपल्याच मराठवाड्यात, चिकलठाणा एमआयडीसीत आहे. फ्लायव्हील ग्राइंडिंगला दिलं, निळे डाग गेले, तडे नव्हते हे नशीब.

नव्या लायनिंगचा सुरुवातीला मोजक्या उंचवट्यांवरच संपर्क होतो, म्हणून पहिले चार-पाचशे किलोमीटर हलकं चालवा असं मामांना बजावलं. रुतली तर ट्रॅक्टर लावा, हेही. ट्रॅक्टरचं त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर गाडी गच्च भरून लातूरच्या वाटेवर होती. "केळी थांबतेय व्हय रे?" म्हणाले, "पण पहिल्यातच उठवली, तुझी शप्पथ."