रिक्त पदे आणि विधिमंडळाचा अंकुश

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगार चिकित्सालयात येतो, तेव्हा एक वाक्य वारंवार कानी पडते : "सरकारी दवाखान्यात गेलो होतो, पण रक्त तपासणारा माणूसच नाही." यंत्र असते, त्या खोलीला कुलूपही असते. चरकाचार्यांनी वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. मंजूर पद रिक्त ठेवणे म्हणजे त्यांतील एक पाद काढून घेणेच होय.

हा केवळ एका वसाहतीचा अनुभव नव्हे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवरील अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात सादर झाला. त्यात मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टरांची २७, परिचारिकांची ३५ आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची ३१ टक्के कमतरता नोंदविली आहे.

असे अहवाल संविधानाच्या १५१व्या अनुच्छेदान्वये राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतात. पुढे लोकलेखा समिती विभागाच्या सचिवांना साक्षीस बोलावू शकते. सदस्यांच्या हाती तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे आश्वासन समिती पाहते. साधनांची वाण नाही. उणीव आहे ती प्रश्नाच्या नेमकेपणाची. "पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय?" असे विचारले, की "अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर येते आणि विषय मिटतो. ज्वर किती दिवसांचा, हे न विचारताच काढा देण्यासारखे हे झाले!

आरोग्य विभागाच्या गट क व ड भरतीची प्रश्नपत्रिका २०२१ मध्ये फुटली. त्यानंतर १०,९४९ पदांची जाहिरात निघण्यास ऑगस्ट २०२३ उजाडला. मधल्या काळात त्या पदांचे काम कोणी केले? म्हणून सदस्यांनी तारखा मागाव्यात : बिंदुनामावली केव्हा तपासून झाली, मागणीपत्र कधी गेले, निवड झालेला उमेदवार कोणत्या दिवशी रुजू झाला. तारीख सभागृहाच्या कार्यवृत्तात आली, की पुढील अधिवेशनात तिच्यावरच बोट ठेवता येते.

आपल्या परिसरापुरते बोलायचे, तर उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र मतदारसंघ आहेत, बदलापूर मुरबाड मतदारसंघात मोडते. परंतु तिन्ही शहरांचे रुग्ण उल्हासनगरच्या एकाच मध्यवर्ती रुग्णालयाची वाट धरतात. तेथील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची माहिती तिन्ही आमदारांनी एकाच अधिवेशनात मागावी, असे पत्र स्थानिक वैद्यबंधू-भगिनींनी त्यांना अवश्य द्यावे.