ठुशी अडीचशेला, मजुरी कितीला?

सोन्याने तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला तो एप्रिल २०२५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून लग्नाकार्यात एक ग्रॅमची ठुशी, खोट्या मोत्यांची नथ आणि खणाचे झुमके मिरवायला सुरुवात झाली होती. सोनं महागलं तसा उरलासुरला संकोचही गेला. आता मोहनमाळ खरी की खोटी, असं कुणी तोंडावर विचारत नाही. विचारतात ते ‘कुठून घेतली?’ एवढंच.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पुण्यातली तुळशीबाग किंवा मोबाइलवरचं एखादं ॲप असतं. कधी कधी मात्र ते शिरूर किंवा दौंड असतं. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे हे दोन तालुके दागिन्यांसाठी प्रसिद्ध नाहीत. शिरूर ओळखलं जातं कांद्यासाठी, रांजणगावच्या महागणपतीसाठी आणि तिथल्या एमआयडीसीसाठी. दौंड रेल्वे जंक्शनसाठी, उसासाठी आणि कुरकुंभच्या रसायन कारखान्यांसाठी. चांदी म्हटली की हुपरी आणि साज म्हटला की कोल्हापूर. तशी परंपरा इथे नाही. पण बचत गटातल्या पापड, मसाले आणि गोधड्यांच्या जोडीला मण्यांचे दागिने आले, कारण या धंद्याला जागा लागत नाही, वीज लागत नाही आणि सगळा माल एका पिशवीत मावतो. शिरूरला रेल्वे नाही. नगर रस्त्याने एसटीतून पुणे गाठायचं तर लोणच्याच्या बरण्यांपेक्षा नथींचे डबे बरे. दौंडकरणीला लोकल गाड्या आहेत, पण गर्दीत डोक्यावर गाठोडं तिलाही नकोच असतं.

बाईने हातकामावर पोट भरावं ही कल्पना या भागाला नवी नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुक्तिसदन उभारलं आणि दुष्काळातून वाचवून आणलेल्या बायका-मुलींना विणकाम, शिवण, तेलघाणा, एवढंच काय छापखान्यातली खिळे जुळणीसुद्धा शिकवली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी तिथेच वारल्या. त्या कामात आणि आजच्या बचत गटात एक मोठा फरक आहे. मुक्तिसदनात काम आणि आसरा एकाच छपराखाली होता. आजची बाई घर, शेत, गोठा सांभाळून रात्री नऊनंतर सुई-दोरा हातात घेते.

पूर्वी दागिना घडवणं आणि ओवणं ही दोन वेगळी कामं होती. घडवायचा सोनार आणि ओवायचा पटवेकरी. आठवड्याच्या बाजारात पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून पटवेकरी मंगळसूत्र गाठवून द्यायचा, ठुशीला मागे गोंडा लावून द्यायचा. आज घरोघरी चालतं ते मुख्यतः हे दुसरं काम. मणी, पेंडंट, कड्या, हूक सगळं तयार मिळतं, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, नाहीतर मुंबईत. घरी होते ती निवड आणि जुळणी. बाहेरून हे काम सोपं दिसतं. ठुशी करायला बसलं की पहिल्यांदा मणी परातीत ओतून निवडावे लागतात, कारण एका पाकिटातल्या मण्यांची भोकं सारखी नसतात. मोठ्या भोकाचा मणी ओळीत आला की तो तिरका बसतो आणि गळ्यात घातल्यावर नेमका तोच डोळ्यांत भरतो. मग गिअर वायर किंवा जरीचा दोरा, टोकाला लॉक, तो पकडीने दाबायचा. जास्त दाबला तर वायर तुटते, कमी दाबला तर चार दिवसांत माळ सुटते आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो. दोन तासांत एक ठुशी झाली तर हात चांगला बसलेला आहे असं समजायचं.

काय करायचं, हे मात्र बरेचदा पडदा ठरवतो. झी मराठीवर २०१३ मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि बाजारात ‘जान्हवी मंगळसूत्र’ या नावाने माळा विकल्या जाऊ लागल्या. पुढे ‘जय मल्हार’ने म्हाळसेचे आणि बानूचे दागिने आणले. २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि काशीबाईंच्या नथीला मागणी आली. लाट असते तोवर नग हातोहात जातो. ओसरली की उरलेला माल पुढच्या वर्षी कुणी फुकट घेत नाही. लाटेमागे धावण्यात कारखाना नेहमीच पुढे असतो. घरी ओवणारीने त्या शर्यतीत उतरू नये हे शहाणपण, पण ते अंगी यायला एक-दोन हंगामांचा माल पडून राहावा लागतो.

आता विक्री. भीमेच्या दोन्ही काठांच्या मुलुखाला भीमथडी म्हणतात. तिथली तट्टं मराठा फौजेत नावाजलेली होती. त्याच नावाची जत्रा २००६ पासून पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने ती सुरू केली. डिसेंबरातल्या त्या चार-पाच दिवसांत निम्मं पुणे तिथे भाकरी, मांडे, मटण खायला लोटतं. गर्दी आधी खाण्याकडे वळते, हे दागिनेवालीच्या फायद्याचं की तोट्याचं, यावर वाद घालता येईल. पोट भरलेलं माणूस निवांत बघतं, पण तोवर पाकीट हलकं झालेलं असतं. मुंबईत ‘उमेद’चं, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. त्याखेरीज गावोगाव महिला मंडळांची प्रदर्शनं, सोसायट्यांमधली ग्राहक पेठ, नवरात्रातले मेळे. शिरूरच्या बाईला घरचा बाजारही आहे. रांजणगावला भाद्रपदात द्वारयात्रा असते आणि एरवीही चतुर्थीला माणूस मावत नाही. दौंडजवळच्या चौफुल्याला कला केंद्रं आहेत. लावणीच्या बैठकीला ठसठशीत, दुरून चमकणारा दागिना लागतो आणि तो घामाने लवकर खराब होत असल्याने पुन्हा पुन्हा लागतो. असं बारमाही गिऱ्हाईक पुण्याच्या प्रदर्शनात मिळत नाही.

स्टॉलवर हमखास ऐकू येणारं वाक्य एकच: ‘हे तर तुळशीबागेत दीडशेला मिळतं.’ त्यावर काय उत्तर द्यायचं ते हिशेबावर अवलंबून आहे, म्हणून हिशेबच मांडू.

समजा, एका ठुशीला मणी, दोरा, पेंडंट, हूक आणि डबी मिळून ११० रुपयांचं सामान लागलं आणि ती २५० ला विकली. वर उरले १४०. पाच दिवसांच्या प्रदर्शनात २०० ठुशा खपल्या, हे चांगलंच झालं म्हणायचं. हातात आले २८,०००. गटात पेढे वाटायला हरकत नाही. पण दोनशे ठुशांना दोन तासांप्रमाणे चारशे तास, म्हणजे आठ तासांचे पन्नास दिवस लागले. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने मजुरी धरली तर १५,६०० रुपये. स्टॉलवर दोघी पाच दिवस उभ्या राहिल्या, त्याचे ३,१२०. स्टॉलचं भाडं, प्रवास, जेवणखाण मिळून आठ हजार धरले. बेरीज २६,७२०. उरले १,२८०. म्हणजे रोजगार हमीवर माती उचलून जे मिळालं असतं त्याच्यावर जेमतेम सव्वा हजार, आणि तेही दोनशेच्या दोनशे खपल्या तर.

या धंद्यातली खरी गळती इथे आहे. जवळपास कुणीच स्वतःचे तास खर्चात धरत नाही. ‘रिकाम्या वेळात करते’ हे शब्द तिच्याही तोंडी असतात आणि तिच्या नवऱ्याच्याही. रिकाम्या वेळेला भाव नसतो, म्हणून भाव मागताना जीभ अडखळते आणि गिऱ्हाईक नेमकं तिथे घासाघीस करतं. केंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला ‘लखपती दीदी’ची घोषणा केली, वर्षाला लाखाची कमाई हे तिचं माप. वरच्या हिशेबाने ठुशीवर लाख उभा करायला ७१५ नग आणि चौदाशेवर तास लागतील, तेही स्टॉलचा खर्च शून्य धरून.

सरकारी मदत नाही असं नाही. गटाला मिळणारा फिरता निधी राज्याने २०२३ मध्ये १५ हजारांवरून ३० हजार केला. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये कॉस्च्युम ज्वेलरीचा तेरा दिवसांचा मोफत निवासी वर्ग असतो. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे, फुलांचे हार करणारा माळाकार आहे, मणी ओवणारीचं नाव नाही. फूल ओवलं तर कारागीर आणि मणी ओवला तर हौस, असा हा न्याय.

मग ऑनलाइन? प्रदर्शनाचं भाडं नाही, प्रवास नाही, ऐकायला छान. आडकाठी होती ती जीएसटीची. वस्तूंची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर दुकानदाराला नोंदणी लागत नाही, पण ॲपवर विकायचं तर पहिल्या रुपयापासून लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. आपल्याच राज्यात विकणारी छोटी विक्रेती पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन जीएसटी क्रमांकाशिवाय ॲपवर येऊ शकते. दौंडहून नागपूरला चालेल, बेळगावला नाही. मराठी गिऱ्हाईक पलीकडे असलं तरी सीमा ती सीमाच.

ॲपवर गेल्यावर दुसरी अडचण येते. तिथे तिची ठुशी मुंबईच्या मालाडमधल्या कारखान्यातल्या ठुशीशेजारी दिसते, भावासकट. फोटोत तिरका मणीही दिसत नाही आणि सरळही. त्यातून घरपोच पैसे द्यायच्या ऑर्डरी परत येतात, डबी चेपलेली, खडा पडलेला. हे दुखणं फक्त इथलं नाही. हाताने केलेल्या वस्तूंसाठी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एट्सी ही बाजारपेठ सुरू झाली. २०१३ मध्ये तिने बाहेरून करवून घेतलेल्या मालालाही दार उघडलं आणि एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचा आकार पाचवरून साडेसहा टक्के केला. त्या महिन्यात हजारो कारागिरांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. आकार काही कमी झाला नाही.

ज्यांचं बरं चालतं त्यांची रीत बघितली तर ती साधी आहे. त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या मागे ॲपवर लागत नाहीत. प्रदर्शनात माल हातात घेऊन, आरशात बघून गेलेल्या बाईचा नंबर घेतात, तिला व्हॉट्सॲपच्या यादीत टाकतात आणि गौरी, नवरात्र, लग्नसराई आली की चार फोटो पाठवतात. पैसे आधी, मग पार्सल पोस्टात. स्टॉलवर ओळख होते आणि फोनवर ती टिकते. त्यामुळे प्रदर्शनात पाच दिवसांत गल्ला किती जमला यापेक्षा वहीत नंबर किती आले, हे बघणारी बाई पुढच्या वर्षीही धंद्यात दिसते.

आणि एक दागिना असा आहे की ज्यात कारखान्याला अजून घरच्या हाताची सर येत नाही: हलव्याचा. हलवा करणं म्हणजे संयमाची परीक्षा. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवायचा, साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. पाक एकदम ओतला तर गोळा होतो, आच वाढली तर पिवळा पडतो, हवा दमट असली तर काटा येत नाही. म्हणून हे काम पहाटेच्या थंडीतलं आणि ते एका दिवसात उरकत नाही. हल्ली बऱ्याच जणी तयार हलवा आणून फक्त दागिने बांधतात, त्यात कमीपणा काही नाही. पुठ्ठ्यावर जर, त्यावर एकेक दाणा ओवून किंवा चिकटवून हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बिंदी करायची. जावयासाठी हार आणि नारळ, हौशी सासू असेल तर मनगटी घड्याळसुद्धा. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी.

इथे गणित उलटं होतं. नव्या सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते, त्यामुळे घासाघीस कमी. माप नावासकट आधी कळतं, म्हणून माल पडून राहत नाही. डब्यात बंद ठेवला, मुंग्यांपासून जपला तर तोच संच संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दोन-तीन घरी भाड्यानेही जातो. ऊसतोडीच्या हंगामात दौंड-शिरूरकडे हातात पैसा खेळतो, हळदीकुंकवं होतात, म्हणजे गावातही गिऱ्हाईक आहे. परदेशी मराठी घरांतून मागणी येते, पण तिथे भरवसा कमी. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची करमाफी काढली तेव्हा टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिकडची पार्सलं थांबवली; सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला. हेच जानेवारीच्या तोंडावर झालं असतं तर साखरेचे मुकुट इथेच राहिले असते.

घरात नवी सून किंवा तान्हं मूल असेल तर हलव्याच्या दागिन्यांची मागणी नोव्हेंबरअखेर नोंदवावी, माप आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. जानेवारी उजाडल्यावर चांगला हात असलेल्या बायका नवी ऑर्डर घेत नाहीत.