आमचा मोती आळशी झाला होता काय?

चाणक्यनीतींत श्वानापासून सहा गुण शिकावे असें सांगितलें आहे. गाढ निद्रा असूनहि चाहूल लागतांच जागें होणें, हा त्यांपैकीं एक. खापरखेडा येथील आमच्या घरचा सात वर्षांचा लॅब्राडॉर मोती नेमका हाच गुण विसरला. वीजकेंद्राच्या पहिल्या पाळीचे कामगार फाटकावरून जात, तरी तो मान उचलीना. दिवसभर उन्हांत पडून राही. अंग सुटलें, शेपटीचे केस झडले. आम्ही त्याला आळशी ठरविलें आणि त्याची भाकरी निम्मी केली. हा अन्याय होता, हें मागाहून कळलें.

श्वासनलिकेच्या दोहों बाजूंस जी लहान ग्रंथि असते, तिला थायरॉईड म्हणतात. तिचा रस शरीरांतील आंच राखतो. तो कमी पडला कीं थोडक्या अन्नानेंहि मेद वाढतो, थंडी सोसवत नाहीं, केस गळतात.

माणसांस आयोडिनाच्या अभावीं गलगंड होतो. त्याकरितां आपल्या सरकारनें १९६२ सालीं योजना आंखली व मिठांत आयोडीन आलें. मोतीचेंहि तसेंच असेल, हा आमचा तर्क मात्र चुकला. आयोडिनाच्या उणिवेनें कुत्र्यांस हा विकार क्वचितच होतो. शंभरांतील ९५ हून अधिक रोग्यांत ग्रंथीचाच नाश झालेला असतो. त्यांतील सुमारें निम्म्यांत, शरीराच्या रक्षणास ठेवलेल्या पांढऱ्या पेशीच स्वकीय ग्रंथीला परकी समजून पोखरतात. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार! उरलेल्यांत ग्रंथि झिजून तिच्या जागीं चरबी येते. तिचें कारण अद्याप उलगडलेलें नाहीं. डॉबरमन, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल इत्यादि जातींत हा दोष अधिक आढळतो, व तो बहुधा मध्यम वयांत प्रकट होतो. मेंदूच्या तळची पिट्यूटरी ग्रंथि बिघडल्यानें किंवा थायरॉईडच्या कर्करोगानें तो होणें विरळा.

येथें एक सावधगिरी हवी. दुसरें एखादें दुखणें असतां, अथवा फेंफऱ्यावरील फिनोबार्बिटोन, सल्फा किंवा स्टेरॉइड औषधें चालू असतां, रक्तांतील थायरॉक्सिन कमी दिसूं शकतें. म्हणून एकाच आंकड्यावर निदान न करितां टीएसएचहि तपासतात. निदान ठरल्यावर थायरॉक्सिनच्या गोळ्या बहुधा जन्मभर द्याव्या लागतात. मात्र घरांतील आजींच्या गोळ्यांतून परस्पर वांटा काढूं नये. कुत्र्याचें प्रमाण निराळें असतें. नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां जाणत्यांचा सल्ला आपणांस दूर नाहीं.

दोन महिन्यांनीं एके पहांटे मोती पहिल्या पाळीवर भुंकला. घरचीं मुलें कुरकुरलीं. आम्ही मात्र अंथरुणांत उठून बसलों. वर्गांत डुलक्या घेणाऱ्या किती मुलांना आम्ही आयुष्यभर आळशी म्हटलें असेल, हाच विचार तेव्हां मनांत आला.