चिंध्यांपासून गोधडी : दुष्काळातील एका साहाय्यकार्याचे स्पष्टीकरण

धान्य, चारा व पाणी ह्यांकरिता दुष्काळ निवारण कमिटीने द्रव्य मागावे, हे कोणाही सद्गृहस्थास सहज पटते. परंतु जुनी लुगडी, विरलेली धोतरे, शिंप्यांच्या दुकानांतील कात्रणे व कापडाच्या गाठींची वेष्टने कमिटी कशासाठी मागते, असा प्रश्न आमच्या आश्रयदात्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण ज्याचा हेतू कळला नाही, असे दान दात्यास समाधान देत नाही व घेणाऱ्यास मान देत नाही.

उमरखेड तालुका कापसाचा आहे. ज्या भूमीत कापूस पिकतो, तेथेच पाऊस गेला की शेतकऱ्याच्या घरी अंगावर घ्यावयास वस्त्र नसते, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी तिचे कारण साधे आहे. कापूस हे विकण्याचे पीक होय. तो बुडाला म्हणजे घरात पैसा येत नाही, आणि पैसा नसला म्हणजे घराने प्रथम ज्यावर काट मारावी ते वस्त्र. पोटाला दिवसातून दोन वेळ लागते. लुगडे मात्र आणखी एक वर्ष चालवून घेता येते. अशी दोन वर्षे लागोपाठ गेली म्हणजे घरातील सर्वच कापड एकदम फाटावयास येते. खरिपाचे पीक बुडाल्याचे अश्विन-कार्तिकात निश्चित होते, आणि त्यामागोमाग पैनगंगेच्या काठची थंडी सुरू होते. अर्धपोटी माणसाच्या शरीरात उष्णता कमी उत्पन्न होते; म्हणून तीच थंडी त्यास अधिक बाधते. लहान मुले व वृद्ध ह्यांच्या बाबतीत पांघरूण हे धान्याइतकेच जीवरक्षक ठरते.

वस्त्राचा हा विचार नवा नव्हे. १८९७ साली व पुन्हा १९०० साली, जेव्हा वऱ्हाडासह हिंदुस्थानच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला होता, तेव्हा सार्वजनिक वर्गणीतून जो धर्मादाय निधी उभारला गेला, त्याचे चार उद्देश ठरविण्यात आले होते : सरकारी अन्नापलीकडे अन्नवस्त्राच्या लहानसहान सोयी पुरविणे, अनाथांचा सांभाळ, दुष्काळी कामावर वा छावणीत येण्यास संकोच करणाऱ्या गरीब पण अब्रूदार कुटुंबांस साहाय्य, आणि सर्वस्व गमावलेल्यांस पुन्हा आपल्या धंद्यात उभे करणे. ह्यांपैकी पहिला व तिसरा हे दोन उद्देश गोधडीच्या कामात एकत्र साधतात.

पुढे १९७२ च्या दुष्काळात, जवळच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक हे राज्याचे मुख्यमंत्री असताना, लाखो लोकांनी खडी फोडून, बंधारे व पाझर तलाव खणून आपली कुटुंबे जगविली. त्यातूनच रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. ती योजना महाराष्ट्रास भूषणावह आहे. तथापि घण व कुदळ सर्वांच्या हाती शोभत नाही. बाळंतीण, वृद्धा, अपंग, आजाऱ्याच्या उशाशी बसलेली सून, ह्यांनी कोठे जावे? त्यांच्या हाती सुई देता येते.

आता गोधडी कशी होते ते सांगतो; कारण व्यापारी लोकांस मालाचा हिशेब कळल्यावाचून कामाची किंमत कळत नाही.

नऊवारी लुगडे सत्तावीस फूट लांब असते व त्याचा पन्हा पंचेचाळीस इंच धरला, तर त्याचे चार सारखे भाग केल्यास प्रत्येक भाग पावणेसात फूट लांब व पावणेचार फूट रुंद निघतो. एका माणसाच्या पांघरुणाचे हेच माप आहे. म्हणजे एका जुन्या लुगड्यात गोधडीचे चार थर असतात : एक वरचा, एक खालचा व दोन आतले. परंतु जुने लुगडे सर्वत्र सारखे विरलेले नसते. काठ व पदर बहुधा शाबूत राहतात, मधला भाग जातो. म्हणून शाबूत भाग बाहेर घेतात, विरलेला भाग आत घालतात, आणि जेथे भोक असेल तेथे ठिगळ लावितात. चिंध्या प्रथम पट्ट्यांत जोडतात व पट्ट्यांचा थर करितात. काही जागी चिंध्या न जोडता, एकीची कड दुसरीवर येईल अशा रीतीने आत पसरतात व शिवणीनेच त्यांस जागी बसवितात.

थर जमले की मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते एकत्र टाचतात. मग कडेपासून धावदोरा घालावयास आरंभ होतो व चौकोनात फिरत फिरत शिवण मध्यापर्यंत येते. कड आधी पक्की झाल्यामुळे आतील तुकडे बाहेर सरकत नाहीत. दोन ओळींत एक इंच अंतर ठेविले, तर वरील मापाच्या गोधडीस सुमारे शंभर वार शिवण पडते. आणि इंचास तीन टाके धरले, तर दहा हजारांवर टाके होतात. हे सर्व हातांनी! एका गोधडीस अनेक दिवस का लागतात व तिची मजुरी का द्यावयास पाहिजे, हे ह्यावरून लक्षात येईल.

इतक्या दाट शिवणीचे प्रयोजन शोभेचे नव्हे. विरलेल्या कापडाचा एक थर ओढ सहन करू शकत नाही. परंतु असे चार-सहा थर पुष्कळ ओळींनी बांधले म्हणजे ओढ सर्वांत वाटली जाते, आणि एखादा दोरा तुटला तरी तेवढीच जागा सुटते. शिवाय थरांमध्ये जी हवा कोंडून राहते, तीच ऊब धरते. म्हणून टाका फार आवळून घातल्यास गोधडी टिकाऊ होते पण ऊब कमी देते. अनुभवी स्त्रीचा हात ह्या दोहोंमधील प्रमाण जाणतो.

ही कला आमच्याकडे प्रत्येक जातीच्या घरात आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी व उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ह्या तिच्याच बहिणी होत. ह्या सर्वांस माग लागत नाही, यंत्र लागत नाही, भांडवल लागत नाही. सुई, दोरा, उजेड व बसावयास जमीन एवढे पुरते. वऱ्हाडात तर चिंध्यांचे पांघरूण हे लाजेचे चिन्ह कधीच नव्हते. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा अंगावर ठिगळांचे वस्त्र घालीत व त्यामुळेच लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत. त्याच वस्त्रानिशी त्यांनी धर्मशाळा उभारविल्या.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे अवश्य आहे. पहिला असा की, घाऊक दराने तयार चादरी घेऊन वाटणे अधिक सोयीचे नाही काय? सोयीचे आहे, हे आम्ही मान्य करितो. आणि थंडी दाराशी आली असेल तेथे तसे केलेही पाहिजे. परंतु चादरीसाठी दिलेला रुपया तालुक्याबाहेर जातो व एकदाच उपयोगी पडतो. गोधडीसाठी दिलेला रुपया प्रथम शिवणारीच्या घरी ज्वारी आणतो आणि मग दुसऱ्या घरी पांघरूण होतो.

दुसरा आक्षेप असा की, ज्यांस अन्यथा काहीच मिळाले नसते त्यांस अल्प मजुरी दिली तरी पुरे. हा विचार न्यायास व कायद्यास, दोहोंसही सोडून आहे. राजस्थानात दुष्काळी कामावरील मजुरांस किमान वेतनाहून कमी देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, संजित रॉय ह्यांच्या १९८३ च्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, दुष्काळग्रस्ताकडून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम घेणे हे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेल्या वेठीसारखेच होय. माणसाची गरज मोठी झाली म्हणून त्याच्या श्रमाची किंमत लहान होत नाही. गूंज ह्या १९९९ साली स्थापन झालेल्या संस्थेनेही वस्त्र भिक्षा म्हणून न देता गावाच्या कामाचा मोबदला म्हणून देण्याची पद्धती चालविली आहे. फाटके कापड गरिबाच्या पदरात टाकणे हा त्याचा अपमान आहे. तेच कापड कच्चा माल म्हणून त्याच्या हाती देऊन त्याच्या कौशल्याचे मोल देणे हा नव्हे.

ह्यास्तव कमिटीने पुढील नियम ठरविले आहेत :

१. कापड सुती असावे. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषीत नाही व चुलीजवळ ठिणगी पडल्यास वितळून अंगास चिकटते. सबब ते घेतले जाणार नाही. ताणले जाणारे विणीचे कापडही वेगळे ठेवावे.

२. कापड फाटके चालेल, मळके चालणार नाही. खळ काढून, उकळत्या पाण्यात धुऊन व उन्हात वाळवून द्यावे. कोरी कात्रणेही आधी भिजवावी. नाही तर पहिल्या धुण्यात ती आटतात व गोधडी गोळा होते.

३. मजुरी प्रत्येक नगास आधी ठरवून, कागदावर लिहून व शिवणारीच्याच हाती दिली जाईल. एका नगास लागणारा वेळ धरून ती किमान वेतनाहून कमी पडणार नाही अशीच ठरविली जाईल.

४. ज्या घरी पांघरूण द्यावयाचे त्याचे नाव प्रसिद्ध केले जाणार नाही.

५. कापडाचा व रोख रकमेचा हिशेब वेगवेगळा ठेविला जाईल व तो कोणाही वर्गणीदारास पाहता येईल.

कापडाच्या व्यापाऱ्यांस आमची विनंती अशी की, ठाणांच्या शेवटचे तुकडे, डागी माल व गाठींची सुती वेष्टने त्यांनी कमिटीकडे द्यावी. जिनिंगवाल्यांनी थोडी रुई दिल्यास लहान मुलांची दुपटी भरता येतील. ज्या बागायतदारांच्या शेतास कालव्याचे वा विहिरीचे पाणी आहे, त्यांनी ध्यानी घ्यावे की, शेजारच्या कोरडवाहू खातेदाराचे घर मोडले तर पुढील हंगामात त्यांच्या शेतावरही मजूर मिळणार नाही. ज्यांजवळ देण्यास कापड नाही, त्यांनी दोरा व मजुरी ह्यांसाठी रोख द्यावे. कारण कापड गोळा होणे सोपे आहे, काम अडते ते मजुरीच्या पैशावाचून.

प्रत्येकाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एखादे लुगडे असतेच, जे नेसावयाचे नाही व टाकवतही नाही. ते थंडीपूर्वी आमच्याकडे पोहोचावे, आणि त्यासोबत ते शिवण्याची मजुरीही यावी, एवढीच आमची सर्व उदारधी बंधुभगिनींस नम्र प्रार्थना आहे.