फिश टँकचा चोक बदलताय? आधी प्लग काढा

सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी दोन फुटी फिश टँक आहे. परवा त्याची ट्यूब लुकलुकायला लागली आणि पट्टीतून घूं घूं आवाज येऊ लागला. नवी ट्यूब लावून पाहिली, स्टार्टर बदलला, तरी तेच. म्हणजे चोक गेला. पट्टी उघडली तर वायरच्या तांब्यावर हिरवट थर! टाकीची वाफ सतत वर जाते, तिचाच हा परिणाम.

स्वतः बदलणार असाल तर एवढं पाळाच:

🔌 नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असतानाही पट्टीत करंट असतो. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा.

🔧 पट्टी टाकीवरून उतरवून कोरड्या टेबलावर ठेवा. वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

💡 चोकचा वॅट ट्यूबशी जुळवा. १८ वॅटच्या ट्यूबला ३६ वॅटचा चोक लावू नका. इलेक्ट्रॉनिक चोक घेतला तर स्टार्टर लागत नाही. त्यावरच्या आकृतीप्रमाणेच जोडा.

🟢 अर्थिंगची हिरवी वायर पट्टीच्या पत्र्याला घट्ट आवळा.

💧 वायरला बोर्डाच्या खाली झोळ ठेवा. थेंब तिथेच गळतो, प्लगमध्ये जात नाही.

टाकीवर काच ठेवा, घरात करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा. जुनी ट्यूब फोडू नका, तिच्यात पारा असतो.

एक-दोन दिवस दिवा नसला तरी माशांचं काही बिघडत नाही. खात्री नसेल तर वायरमनला बोलवा. घाई मात्र नको.